नळ क्रमांक अकरा

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत नळ चौदा. मागितल्यावर पाणी देणारे सहा. दोन थपडा खाऊन देणारे चार. काही केल्या न देणारे तीन. हे तिन्ही उघडे आहेत की बंद, ते कुणालाच सांगता येत नसे, कारण त्यांच्या चाव्या दोन्ही बाजूंना सारख्याच फिरत आणि दोन्ही बाजूंना सारखंच काही होत नसे. उरला एक. तो न मागता देई. क्रमांक अकरा.

हीच वर्गवारी विज्ञान विभागातल्या माणसांनाही लावता येईल, असं मला पहिल्याच महिन्यात वाटलं होतं. पण मी विभागप्रमुख असल्यामुळे तसं बोलले नाही.

विभागप्रमुख म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर चष्मा, पिकलेले केस आणि फिरती खुर्ची येते. माझ्याकडे यातला फक्त चष्मा आहे. आमच्या विभागात माणसं चार. भौतिकशास्त्राचे सर जीवशास्त्राच्या सरांच्या हाताखाली काम करायला तयार नव्हते, जीवशास्त्राचे सर रसायनाच्या मॅडमच्या, आणि रसायनाच्या मॅडम कुणाच्याच. तेव्हा जिच्या हाताखाली गेल्यावर कुणाच्या हाताखाली गेल्यासारखं वाटणारच नाही, अशी व्यक्ती शोधण्यात आली. ती मी. वय पंचवीस, विषय पर्यावरणशास्त्र, नोकरी तात्पुरती.

पर्यावरणशास्त्राचे गुण एकूण बेरजेत धरत नाहीत. त्यामुळे माझ्या तासाला मुलं गणिताचा गृहपाठ उरकतात. अडलं तर मला विचारतात, आणि मीही सांगते, कारण बरोबर उत्तर माहीत असताना गप्प बसणं मला जमत नाही. माझ्या या एका अवगुणामुळे पुढचं सगळं घडलं, म्हणून आधीच सांगून ठेवते. मुलांनी आम्हा सगळ्यांना नावं ठेवली आहेत. भौतिकशास्त्राचे सर सतत वेळ मोजत असतात म्हणून ते सेकंद सर. रसायनाच्या मॅडमची जीभ ज्या गुणाची आहे त्यावरून त्या आम्ल मॅडम. जीवशास्त्राचे सर कुणाशी हात मिळवला की लगेच धुऊन येतात म्हणून जिवाणू सर. आणि मी ओला कचरा, सुका कचरा शिकवते म्हणून कचरा मॅडम. हे मी घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "होईल सवय." अजून झालेली नाही.

तर एके दिवशी मुख्याध्यापिकांनी, म्हणजे आमच्या मोठ्या बाईंनी, मला बोलावलं.

"बसा," त्या म्हणाल्या. मोठ्या बाई 'बसा' म्हणाल्या की बातमी उभ्याने ऐकण्यासारखी नसते. "महिन्याअखेर तपासणी आहे. साहेब या वेळी प्रत्येक विषयाला एकच प्रश्न विचारताहेत म्हणे. तुमच्या तासामुळे शाळेत काय बदललं?"

"पर्यावरणालाही विचारणार?"

"पर्यावरणालाच विचारणार. गणिताचे सर तुमच्या तासांवर टपून बसलेत. एक काहीतरी दाखवा. मोजलेलं, पुराव्यासकट."

"आणि नाही दाखवता आलं तर?"

"तर तास गणिताला."

"आणि मी?"

मोठ्या बाईंनी टेबलावरचा काचेचा पेपरवेट एकदा फिरवला, तो थांबेपर्यंत पाहिला आणि म्हणाल्या, "तुम्ही तरुण आहात."

एवढ्या मोजक्या शब्दांत कुणी माझी नोकरी घालवली नव्हती.

मी विचार केला. झाडं लावणार नव्हते. महिन्याभरात झाड काही पुरावा देत नाही. फलक रंगवणार नव्हते. फलकाने काही बदलत नाही, हे आमच्या जिन्यातल्या 'शांतता राखा'खाली उभं राहिलं की पटतं. मग मला अकरा नंबर आठवला. प्रकल्प तीन पायऱ्यांचा. गळती मोजायची, नळ दुरुस्त करायचा, पुन्हा मोजायचं. मधली पायरी प्लंबरची, म्हणजे माझ्या वाट्याला दोनच. इतका छोटा प्रकल्प मी आयुष्यात हाती घेतला नव्हता.

अकरा नंबर कोपऱ्यातल्या मोरीवर आहे, शेजारी बारा नंबर. वर्ग तिथे गोळा केला. थेंब मोजताना चाळीस मुलं एक मिनिटभर चूप होती, आणि हे माझ्या तासाला प्रथमच घडत होतं. मिनिटाला बावन्न थेंब. चार थेंबांचा एक मिलिलिटर. म्हणजे दिवसाला जवळजवळ एकोणीस लिटर.

"मॅडम, मग आत्ताच घट्ट बांधून टाकू या की त्याला," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली. ही मुलगी प्रत्येक तासाला एक प्रश्न विचारते आणि तो नेमका उत्तर नसलेला असतो.

"नाही," मी म्हणाले. "आधी मोजायचं, मग हात लावायचा. विज्ञानात हा क्रम कधीही मोडायचा नाही." हे मी इतक्या भारदस्तपणे म्हणाले की मलाच ते आवडलं. मी ते फळ्यावर लिहिलं आणि मुलांना वहीत उतरवून घ्यायला लावलं.

इथेच थांबले असते तर ही गोष्ट झाली नसती. पण सेकंद सर दारात उभे होते.

"मॅडम, हे दुपारचे थेंब आहेत."

"हो सर."

"रात्री सगळे नळ बंद असतात. दाब वाढतो. रात्रीचा थेंब निराळा."

पटलं.

"सुट्टीच्या दिवशीचा आणखी निराळा. पूर्ण आठवडा घ्या. नाहीतर साहेब विचारतील आणि तुम्ही तोंडघशी पडाल."

तेही पटलं. खरी गोष्ट कुणीही, कशासाठीही सांगितली तरी मला पटते. सेकंद सरांनी आजवर माझ्या कुठल्याही कामात इतका रस घेतला नव्हता, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण त्या क्षणी मी दाबाचा विचार करत होते.

मग नळाखाली बादली ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बादली कोरडी. प्रयोगशाळा झाडणाऱ्या मावशींनी त्या पाण्याने फरशी पुसली होती, आणि वर मला म्हणाल्या, "बरं झालं बाई, भरून ठेवलीत. जिना चढून पाणी आणायचा त्रास वाचला." फरशी इतकी लख्ख होती की मला रागावताही येईना. शिवाय आठवड्याचं पाणी एका बादलीत मावणारही नव्हतं. मोठा ड्रम हवा होता, आणि तो भांडारात होता. भांडार हेडक्लार्कच्या ताब्यात.

"मागणी कोण करतंय?" हेडक्लार्कनी मान वर न करता विचारलं.

"मी."

"मंजुरी?"

"विभागप्रमुखांची. म्हणजे माझीच."

आता त्यांनी मान वर केली. "मागणारा आणि देणारा एकच कसा चालेल? उद्या तुम्ही स्वतःला काहीही मंजूर कराल."

"फक्त ड्रम."

"सगळे ड्रमपासूनच सुरुवात करतात."

शेवटी खेळाच्या सरांनी माझ्यासाठी सही केली. कुणाचा ड्रम, कशासाठी, काही विचारलं नाही. फक्त उड्यांच्या शर्यतीला तो परत मिळाला पाहिजे, एवढी अट घातली. ड्रमचा आणि उड्यांचा संबंध मी विचारला नाही. ड्रम मिळाला. त्याच्या बुडाला भोक होतं. म्हणजे आता गळतीची गळती मोजायची वेळ आली. आम्ल मॅडमनी ते पाहिलं आणि काही न बोलता मेण वितळवून भोक बुजवून दिलं. गेल्या वर्षी मी त्यांच्याकडे एक परीक्षानळी उसनी मागितली होती, तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "का, तुमच्या कचऱ्यात सापडत नाही?" त्याच या मॅडम. मला याचाही संशय आला नाही. माणूस चांगुलपणाची कारणं शोधत नाही, आणि मी तर त्या दिवशी मेण घट्ट बसलंय की नाही ते बघत होते.

ड्रम लावला आणि त्याच दुपारी प्लंबर उगवला.

या नळासाठी विज्ञान विभागाने दोन वर्षं अर्ज केले होते. दोन वर्षं कुणी फिरकलं नाही. पण तपासणीच्या धास्तीने मोठ्या बाईंनी एक निरोप धाडला आणि माणूस पिशवीसकट हजर. तो मोरीत वाकला, तोटीला कान लावला, डोळे मिटले.

"वायसर गेलाय. दहा मिनिटांचं काम."

"आज नको," मी म्हणाले.

"मग उद्या?"

"आठवडाभर तरी नको. तोवर गळू दे."

तो सावकाश उभा राहिला. "मॅडम, नळ बंद कर म्हणून लोक माझ्या हातापाया पडतात. गळू दे म्हणणारं गिऱ्हाईक पहिलंच."

"आम्ही पाणी वाचवतोय."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा नळाकडे, एकदा ड्रमकडे. मग पिशवी उचलली आणि आल्या पावली निघाला. व्हरांड्यातून जाताना भेटेल त्याला तो ही हकिकत सांगत होता. व्हरांडा लांब आहे.

पुन्हा कुणी नळाला हात लावू नये म्हणून पहिल्या बाकावरच्या मुलीने पाटी करून आणली. सुरेख अक्षर, बाजूला हसणारा निळा थेंब. 'पाणी बचत प्रकल्प. कृपया हा नळ बंद करू नये.' मी ती टांगली. शास्त्रीय दृष्टीने त्यात काहीही चुकीचं नव्हतं. गणिताच्या सरांनी तिचा फोटो काढला आणि मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत फिरवला. "मॅडम," ते म्हणाले, "आमच्या घरी पंखा बंद करू नका म्हणून पाटी हवी होती. वीज वाचवायचीय." मी हसले. विभागप्रमुखाला हसावं लागतं.

घरी वेगळंच. आईने ही गोष्ट खालच्या मजल्यावरच्या काकांना सांगितली होती. काका निवृत्त झाल्यापासून त्यांनी स्वतःच्या घरातला एकच नळ चार वेळा दुरुस्त केला आहे. याला ते अनुभव म्हणतात. मी दुसरा निष्कर्ष काढते, पण ते वयाने मोठे आहेत.

"प्लंबर कशाला हवाय गं?" काका म्हणाले. "तोटीला जाड दोरा बांधायचा. थेंब दोऱ्यावरून उतरतो. ना आवाज, ना शिंतोडे."

"काका, पण पाणी तेवढंच जातं ना."

"जातं, पण कळत नाही. चल, दाखवतो."

"आमचा नळ गळत नाही काका."

"मग शिकणार कशावर? आधी जरा सैल करू."

आमच्या स्वयंपाकघरातला नळ त्या दिवसापर्यंत निष्पाप होता. काकांनी तो सैल केला, आणखी थोडा सैल केला, आणि चावी त्यांच्या हातात आली. पाणी छताला लागलं. काका चावी हातात घेऊन म्हणाले, "बघ, दाब चांगला आहे तुमच्याकडे."

आई दारात उभी होती. तिने पातेलं घेतलं, मग बादली, मग माझ्याकडे पाहिलं. "जगाचं पाणी वाचवायला निघालीस. घरचं तेवढं राहिलं होतं."

तिने प्लंबरला फोन लावला. गावात प्लंबर अनेक असतील, पण यायचा तोच आला. ओल्या फरशीवर उभा राहून त्याने छत पाहिलं, काकांच्या हातातली चावी पाहिली, मग मला पाहिलं.

"हा करू," त्याने विचारलं, "की गळू दे?"

आठवडा संपला. ड्रममधलं पाणी खुणा केलेल्या काठीने मोजलं: एकशे त्रेचाळीस लिटर. मी समाधानाने काठी पुसत होते, एवढ्यात काठीचं टोक तळाशी कशावर तरी आदळलं. हात घालून पाहिलं तर अमोनियाची मोठी बाटली निघाली. घट्ट बूच लावलेली, थंडगार, आणि चिठ्ठीवर आम्ल मॅडमचं अक्षर.

"फ्रिज बंद आहे," आम्ल मॅडम म्हणाल्या. "अमोनिया उन्हाळ्यात गरम झाला तर बूच उघडताना डोळ्यांत येतो. दोन वर्षं मी बाटली अकरा नंबरच्या थेंबांखालीच ठेवते. तुमच्या ड्रममध्ये जास्त छान राहते."

"मॅडम, माझ्या मोजणीत तुमची बाटली आली."

"वजा करा. पर्यावरणवाल्यांना वजाबाकी येते ना?"

बाटली तीन लिटर जागा खात होती. एकशे चाळीस भागिले सात, दिवसाला बरोबर वीस लिटर. दुपारच्या थेंबांवरून काढलेला आकडा कमी होता, म्हणजे रात्रीच्या दाबाबद्दल सेकंद सर बरोबर होते. याचा मला नोकरीच्या चिंतेतही आनंद झाला. मी प्लंबरला निरोप पाठवला आणि, विभागप्रमुख म्हणून रीत पाळावी, या एकाच हेतूने विभागाची बैठक बोलावली. विषय एकच: नळ दुरुस्त करणे. मला वाटलं चहा संपायच्या आत बैठक संपेल.

"नळ बंद करता येणार नाही," सेकंद सर म्हणाले.

"का?"

"शाळेतली सगळी स्टॉपवॉच बिघडलीयत. दोलकाचे प्रयोग दोन वर्षं अकरा नंबरवर चालतात. बावन्न थेंब म्हणजे एक मिनिट. ड्रम लावल्यापासून तर आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो."

"पण सर, तुम्हीच म्हणालात रात्री वेग बदलतो."

"माझे प्रयोग दुपारी असतात."

म्हणजे तो आठवडा त्यांनी माझ्या नोकरीसाठी मागितला नव्हता, दोलकासाठी मागितला होता. आम्ल मॅडमचं मेण त्यांच्या बाटलीसाठी होतं. आता राहिले जिवाणू सर. ते आम्हाला मोरीपाशी घेऊन गेले आणि ड्रममागे टॉर्च मारला. भिंतीवर हिरवंगार शेवाळ, आणि शेवाळात एक बेडूक. तो आमच्याकडे अशा नजरेने बघत होता जणू बैठक त्यानेच बोलावली होती.

"ओल गेली की शेवाळ गेलं. शेवाळ गेलं की किडे गेले. किडे गेले की हा गेला," जिवाणू सर म्हणाले. "करा दुरुस्त. पण उद्या वर्गात अधिवास हा धडा कोणत्या तोंडाने शिकवाल?"

हे मला लागलं. दोघांना मी उत्तर देऊ शकत होते, बेडकाला काय देणार? त्याला कुणाचे तास नको होते.

अर्धा तास वाद झाला. शेवटी सेकंद सरांनी तोडगा काढला. अकरा नंबर दुरुस्त करायचा आणि बारा नंबर बिघडवायचा. मोरी तीच, ओल तीच, बाटली तीच, फक्त थेंब वीतभर उजवीकडे. तिघे बाजूने, एक विरोधात. विभागप्रमुखाला निर्णायक मत असतं, पण ते मतं समसमान पडली तर. चार माणसांच्या विभागात ते कधीतरी घडेल असं वाटलं होतं. आमच्याकडे नेहमी तीन विरुद्ध एकच पडतात.

मी हे प्लंबरला सांगितलं. म्हणजे बहुमताने ठरल्यामुळे मला सांगावं लागलं. सांगताना मी खिडकीबाहेर बघत होते.

"बारा नंबरला काय झालंय?" त्याने विचारलं.

"काही नाही. तो चांगला आहे."

"मग?"

"तो थोडा गळायला हवा. मिनिटाला बावन्न थेंब."

प्लंबरने बारा नंबरची चावी एकदा फिरवून पाहिली. मग म्हणाला, "मॅडम, मी गळती काढतो. लावत नाही. आमच्यात तीन पिढ्यांत कुणी लावलेली नाही."

"निदान जवळपास बावन्न."

त्याने पिशवी उचलली. पुन्हा तोच व्हरांडा.

ही बातमी मोठ्या बाईंपर्यंत मधल्या सुट्टीच्या आत पोचली. त्यांनी मला 'बसा'सुद्धा म्हटलं नाही. "तपासणी अलीकडे आलीय. साहेब उद्या येताहेत. सकाळी पहिल्या तासाला नळ दुरुस्त झालेला पाहिजे, आणि ती पाटी उतरलेली पाहिजे. दोन वर्षं तुमचा विभाग अर्ज करतोय आणि माणूस आला की परत पाठवतोय. मी साहेबांना काय सांगू, आमच्याकडे पर्यावरण म्हणजे गळती जपण्याचा विषय आहे?"

 वस्तुस्थिती साधारण तशीच होती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला, वर्ग आणि विभाग प्रयोगशाळेत जमलेला असताना, प्लंबर आला. त्याने व्हरांड्यात दाराला लागून असलेला मुख्य कॉक बंद केला, अकरा नंबरचा वायसर बदलला आणि कॉक पुन्हा पूर्ण उघडला. दहा मिनिटांचं काम दहा मिनिटांतच झालं. अकरा नंबर गप्प झाला. खोलीत इतकी शांतता पसरली की सेकंद सरांनी दचकून मनगटाकडे पाहिलं, आणि तिथे घड्याळ नव्हतं. मी पाटी उतरवली. प्लंबर निघाला आणि दारातून मोठ्या बाई साहेबांना घेऊन आत आल्या. पाठोपाठ गणिताचे सर, काहीही काम नसताना.

साहेब बारीक अंगाचे, बूट नुकतेच पॉलिश केलेले. "पर्यावरणशास्त्र," त्यांनी कागदावर बघून म्हटलं. "तुमच्या तासामुळे शाळेत काय बदललं?"

"साहेब," मी सुरुवात केली, "या कोपऱ्यातल्या नळातून दिवसाला वीस लिटर—"

खोलीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी खोकलं.

आम्ही वळलो. कुणी नव्हतं. पुन्हा खोकला आला, या वेळी पाइपमधून. मी सुरुवातीला सांगितलेले काही केल्या न देणारे तीन नळ आठवा. ते उघडे आहेत की बंद, कुणाला माहीत नव्हतं. आता कळलं. उघडे होते. कॉक बंद करून झपकन उघडल्यावर पाइपातला कित्येक वर्षांचा गंज सुटला होता आणि तो मोकळं होण्याची वाट शोधत होता.

आधी दोन नंबर उडाला, तपकिरी. मग नऊ. तिथून पाणी येणार नाही या खात्रीने त्यांच्याखालच्या बेसिनमध्ये आम्ही जुने तक्ते, पुठ्ठ्याचा ज्वालामुखी आणि माझ्या प्रकल्पाचे रंगीत आलेख ठेवले होते. शेवटी पाच नंबर. त्याचं तोंड वाकडं असल्याने पाणी आडवं आलं आणि साहेबांच्या गुडघ्याखाली बसलं. चाव्या फिरवून उपयोग नव्हता. त्या दोन्ही बाजूंना सारख्याच फिरत होत्या.

सगळे माझ्याकडे बघत होते. मोठ्या बाई, साहेब, विभाग, गणिताचे सर, आणि चाळीस मुलं. माझे आलेख बेसिनमधून तरंगत बाहेर येत होते. माझे तास, माझी नोकरी, सगळं त्याच पाण्यात होतं.

"मॅडम," पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "आधी मोजायचं की आधी बंद करायचं?"

शहाण्या विभागप्रमुखाने जे म्हणायला हवं ते माझ्या जिभेवर होतं. पण प्रश्न तिने विज्ञानाचा विचारला होता, आणि त्याचं उत्तर फळ्यावर मीच लिहिलं होतं.

"मोजा," मी म्हणाले.

मोठ्या बाईंनी डोळे मिटले. मुलं मात्र तुटून पडली. कुणी बादली, कुणी मोजपात्र, कुणी मधल्या सुट्टीची पाण्याची बाटली. तीन नळांवर तीन टोळ्या. आम्ल मॅडमनी पदर खोचून ज्वालामुखी वाचवला आणि बेसिन मोकळं केलं. जिवाणू सर बेडकाला हातात घेऊन टेबलावर चढले. हात धुवायचं त्यांना सुचलंच नाही.

"सर, वेळ," कुणीतरी ओरडलं.

सेकंद सरांनी अकरा नंबरकडे पाहिलं. तो कोरडा ठक्क. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांना मिनिट कुठे सुरू होतं ते कळेना.

"माझ्याकडे घड्याळ आहे," साहेब म्हणाले. त्यांनी ओल्या पायांनी दोन पावलं पुढे टाकली आणि मनगट डोळ्यांजवळ धरलं. "तयार? सुरू." खोलीत फक्त पाणी वाजत होतं. "थांबा."

दोन नंबर, सहा लिटर. नऊ नंबर, साडेपाच. पाच नंबर, साडेआठ. पहिल्या बाकावरच्या मुलीने बेरीज केली. मिनिटाला वीस लिटर. अकरा नंबर दिवसभरात जेवढं देई, तेवढं हे तिघे मिळून एका मिनिटात देत होते.

व्हरांड्यातून बोलावून आणलेला प्लंबर आता दारात उभा होता, हात कॉकवर. त्याने सगळ्यांना ओलांडून मला विचारलं, "बंद करू, की गळू दे?"

"थांबा जरा," साहेब म्हणाले. "एका वाचनावर निष्कर्ष काढत नाहीत. दुसरं घेऊ."

प्लंबरने माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे. या शाळेला आपण पुरे पडणार नाही, हे त्याला त्या क्षणी उमगलं असावं.

दुसरं वाचनही वीसच आलं. मगच कॉक बंद झाला. साहेबांनी बूट काढून एकेक उपडा केला. "मी भौतिकशास्त्र शिकवायचो," ते सेकंद सरांना म्हणाले, "बढती मिळायच्या आधी." असं म्हणताना त्यांचा चेहरा बढती मिळालेल्या माणसासारखा नव्हता. मग ते पहिल्या बाकावरच्या मुलीकडे वळले.

"तू सांग. या तासामुळे शाळेत काय बदललं?"

तिने भिजलेल्या खोलीकडे पाहिलं. "साहेब, हे तीन नळ उघडे आहेत, हे आधी कुणालाच माहीत नव्हतं."

साहेब अनवाणीच पुढच्या वर्गात गेले.

संध्याकाळी मोठ्या बाईंनी बोलावलं. "बसा."

मी उभीच राहिले.

"पर्यावरणाचे तास पर्यावरणाकडेच राहणार. साहेबांनी गणिताच्या सरांना विचारलं, तुमच्या तासामुळे काय बदललं? ते अजून आठवताहेत."

"आणि मी?"

पेपरवेट फिरला. "तुम्हाला कायम करा असं ते लिहून गेलेत."

"आणि विभागप्रमुखपद?"

"ते घ्यायला दुसरं कुणी तयार नाही."

मुलांनी त्याच आठवड्यात माझं नाव बदललं. आता मी गळती मॅडम. घरी सांगितलं तेव्हा आई नव्या नळाखाली भांडी विसळत होती. "कचऱ्यापेक्षा बरं," ती म्हणाली. "बढतीच म्हणायची."

राहिली तिसरी पायरी, दुरुस्तीनंतरची मोजणी. त्या तीन नळांना नव्या चाव्या बसल्यावर आठवड्याने मी वर्ग पुन्हा प्रयोगशाळेत नेला. विभागातले तिघेही हजर होते. सेकंद सर खिडकीबाहेर बघत होते, आम्ल मॅडम नखं बघत होत्या, जिवाणू सर हात पुसत होते. तिघांच्याही बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. पहिल्या बाकावरची मुलगी मोजत गेली आणि मी फळ्यावर लिहीत गेले.

नळ चौदा. मागितल्यावर देणारे नऊ. दोन थपडा खाऊन देणारे चार. काही केल्या न देणारे, शून्य. क्रमांक अकरा, गळती शून्य. न मागता देणारा एक, क्रमांक बारा. त्याच्याखाली बाटली एक, बेडूक एक. थेंब, मिनिटाला बावन्न.